तंत्रज्ञान समाजाला बदलतं की समाज तंत्रज्ञानाला?

तुम्ही विचारलंय की या दोघांत कोण कोणाला घडवतं, आणि उत्तर व्याख्यांनी नको, रोजच्या उदाहरणांनी द्या. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. त्यामुळं माझी उदाहरणं काउंटरच्या अलीकडून दिसणारी आहेत, तेवढं समजून घ्या.

माझं मत असं की यंत्रणा बसवली जाते तेव्हाच समाज आपलं म्हणणं तिच्यात घालतो. रकाने कुठले, लिपी कुठली, हद्द कुठं संपते, कर कुणावर, हे सगळं तेव्हा ठरतं. मग पुढची वीस-तीस वर्षं ती यंत्रणा लोकांना आपल्या सवयी लावते आणि मूळ निवड माणसांनीच केली होती हे विसरून जायला होतं.

आमच्याकडं सगळ्यात जास्त निघणारा कागद म्हणजे जमिनीचा उतारा. महाराष्ट्रात जो सातबारा, तोच इकडं पहाणी किंवा आरटीसी. कर्नाटकानं ‘भूमी’ प्रकल्पात २००० ते २००२ च्या दरम्यान राज्यातले सगळे उतारे संगणकावर चढवले. सुमारे २ कोटी उतारे, ६७ लाख शेतकरी. तालुक्याच्या कचेरीत खिडकी उघडली, १५ रुपये भरले की छापील उतारा हातात, आणि हाताने लिहिलेला उतारा बाद. त्याआधी दप्तर तलाठ्याच्या ताब्यात असायचं. तो आज या गावात तर उद्या त्या गावात, आणि भेटला तरी लिहून देईल तेव्हा खरं. ते फिरणं संपलं, याबद्दल इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, मराठी असो की कन्नड, तो चांगलंच बोलेल.

पण बदल तिथं थांबला नाही. पुण्यात नोकरीला असलेला धाकटा भाऊ आता मोबाइलवर उतारा उघडतो, बापाच्या पश्चात वारसा लावताना कोणाचं नाव गळलंय ते बघतो, आणि रात्री थोरल्याला फोन करतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणीही बघतात. पूर्वी हा विषय गणपतीला सगळे गावी जमले की दबक्या आवाजात निघायचा. आता बारा महिने निघतो. ‘भूमी’ आखणाऱ्यांनी भावाभावांच्या बोलण्याचा विचार केला असेल असं मला वाटत नाही.

आता लिपीचं. इथले जुने कागद मराठीत आहेत, त्याहून जुने मोडी लिपीत. नवा उतारा फक्त कन्नडमध्ये निघतो. पुष्कळांना वाटतं की संगणकाला एकच भाषा जमते म्हणून तसं झालं. तसं अजिबात नाही. भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना संगणकात क्रमांक देणारं इस्की नावाचं जे सरकारी मानक १९९१ मध्ये पक्कं झालं, त्यात सगळ्या लिप्यांतल्या ‘क’ला एकच क्रमांक होता, देवनागरी दाखवायची की कन्नड, हे नंतर निवडायचं. आज सगळीकडं चालणाऱ्या युनिकोड या मानकानं प्रत्येक लिपीला वेगळे क्रमांक दिले, पण अक्षरांची मांडणी तीच घेतली. देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांच्या क्रमांकात जेवढं अंतर, तेवढंच दोन्हीकडच्या ‘म’मध्ये आणि ‘ळ’मध्ये. भारतीय लिप्यांच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तर दोन्ही लिप्यांचा ‘क’ एकाच बटणावर आहे. एक शिकला की दुसरी बोटांना येतेच. म्हणजे खातेदाराचं नाव दोन्ही लिप्यांत छापणं हे संगणकाच्या दृष्टीनं बेरीज-वजाबाकीचं काम. नावच काय, पहाणी, खाते, हिस्सा, गुंठा हे उताऱ्यावरचे शब्दही दोन्हीकडं ओळखीचे. अडचण यंत्राची नव्हती. ती १ नोव्हेंबर १९५६ ची होती, जेव्हा भाषावार राज्यरचनेत हा भाग आजच्या कर्नाटकात गेला; सीमेवरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाची होती, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्राच्या दाव्याची होती. (सीमाप्रश्नावर मी इथं भांडणार नाही. त्या कामाला दोन्ही बाजूंना माणसं पुरेशी आहेत.)

परिणाम मात्र माझ्या काउंटरवर दिसतो. मराठी शाळेत चौथी शिकलेली आजी स्वतःच्या जमिनीचा कागद उलटा धरून मला विचारते, ‘बाळ, माझं नाव हाय न्हवं यात?’ तलाठ्याची मक्तेदारी गेली, त्यातली थोडी माझ्याकडं आली. वाचून दाखवायचे मी पैसे घेत नाही, झेरॉक्सचे घेतो.

मोबाइलचंही असंच झालं. टेलिकॉमचे सर्कल आखताना राज्यांच्या हद्दीच धरल्या, एक कर्नाटक आणि दुसरं महाराष्ट्र-गोवा. बेळगावातून वेंगुर्ला रस्त्यानं निघालात की थोड्याच वेळात शिनोळी येते, चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा. बेळगावचा कोड ०८३१, चंदगडचा ०२३२०. पाहुणे तेच, बाजार तोच, पण बांधापलीकडं फोन लावला की एसटीडी आणि चालत पलीकडं गेलं की रोमिंग. घरात बसल्या बसल्या फोन पलीकडचा टॉवर पकडायचा आणि बॅलन्स कापला जायचा. इकडं दोन सिमचे फोन एवढे का खपले याचं कारण यात आहे, सीमेवरचा माणूस दोन राज्यांची दोन सिमं बाळगायचा. २०१५ पासून नंबर न बदलता दुसऱ्या सर्कलमध्ये जाता येऊ लागलं, पुढं रोमिंगचे पैसेही गेले, आणि आजच्या कॉलेजच्या पोरांना हे सांगितलं तर गंमत वाटते. याउलट आकाशवाणी सांगली १९६३ पासून आणि धारवाड १९५० पासून, दोन्ही केंद्रं एकाच रेडिओवर ऐकलेली पिढी इथं आहे. त्या लहरींवर कोणी मीटर बसवला नव्हता.

समाजानं तंत्रज्ञान अडवलं असं उदाहरण हवं असेल तर निपाणीला जा. विडी वळायचं यंत्र जगात नाही असं नाही. तरी निपाणीत बायका मांडीवर सूप घेऊन हातानंच विड्या वळत आल्या. केंद्राच्या अबकारी करात यंत्रावरच्या विडीला कर जास्त आणि हातविडीला कमी ठेवलेला असायचा, रोजगार टिकावा म्हणून. त्यात हजार विड्यांमागे मजुरी घेऊन घरी बसून काम करणाऱ्या बाया एवढ्या स्वस्तात मिळत असताना मालक यंत्रात पैसा कशाला घालेल? कामगार वाचला की बाईची मजुरी स्वस्त राहिली, दोन्ही खरं आहे. माझ्या दृष्टीनं दुसरं जास्त खरं आहे, कारण वळणाऱ्या बायांच्या मुली शिकल्या तशा त्या कामाकडं वळेनाशा झाल्या.

व्हॉट्सॲपबद्दल थोडक्यात. इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकलेली आमची पोरं घरी अस्सल बेळगावी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. ती मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, नाहीतर सरळ आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. त्यामुळं अक्षर न येणारी आजी आणि देवनागरी न येणारा नातू एकाच पातळीवर आले, आणि दोघांचं बोलणं वाढलं. मात्र बोलून टाइप करायला गेलं की फोन ‘काय करायलास’चं भलतंच काहीतरी लिहितो. त्याला पुण्याची मराठी कळते. बाजारात पैसे आल्याचं ओरडून सांगणारे डबे तर बरेच जण हिंदीवर ठेवतात, म्हणजे कुठल्याच गिऱ्हाइकाला राग नको.

सध्या नवीन चाललंय ते असं: उताऱ्यावर मोबाइलचा कॅमेरा धरायचा, भाषांतर मराठीत दिसतं. सरकारनं वीस वर्षांत दिलं नाही ते फोननं फुकटात दिलं, म्हणून लोक खूश आहेत. फक्त तो कधीकधी माणसाच्या आडनावाचंही भाषांतर करून मोकळा होतो. म्हणून बँकेत किंवा कोर्टात द्यायचा कागद असेल तर सर्व्हे नंबर, हिस्सा आणि नावं मूळ कन्नड कागदावरून कोणाकडून तरी वाचून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. बहुतेक जण मग तो कागद माझ्याकडंच सरकवतात.