दोन मॅच हरूनही ओहायो स्टेट २०२४ च्या सीझनची अमेरिकन कॉलेज फुटबॉल चॅम्पियन कशी झाली? हा अन्याय नाही का?

‘हरून चॅम्पियन’ हा टोमणा मी घरातच ऐकतो, त्यामुळे उत्तर लांबणार. मी कोलंबसला, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गावात राहतो. बायकोचा धाकटा भाऊ मिशिगन विद्यापीठात, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांकडे शिकला आणि तिकडेच डेट्रॉइटजवळ स्थायिक झाला. पुढचं समजून घ्या.

नियमाचं आधी उरकतो. २०२३ पर्यंत प्लेऑफला, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीला, चारच संघ जायचे, २०२४ पासून बारा. संघ निवडणाऱ्या समितीच्या शेवटच्या यादीत ओहायो स्टेट सहावी होती, म्हणजे जुन्या पद्धतीत घरी बसली असती. नव्या पद्धतीत जागा मिळाली आणि चार मॅच जिंकल्या. विषय संपला.

मेव्हण्याचा मात्र संपत नाही. ३० नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचा शनिवार, सगळी मंडळी आमच्याकडे. मिशिगन त्या वर्षी अगदीच सुमार होती, सहा जिंकलेल्या, पाच हरलेल्या. हाफटाइमला १०-१०. त्यानंतर आमचा एक पॉइंट नाही! बाहेरच्या बाजूला जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, उभा, आणि कोच रायन डे आपले बॉल मधल्या गर्दीत घुसवतायत. अख्ख्या मॅचमध्ये धावून ७७ यार्ड. सासूबाईंना या खेळातलं ओ की ठो कळत नाही, त्याही म्हणाल्या, “तिथं वाट नाहीये तर परत परत तिथंच का जातायत?” ४५ सेकंद उरली असताना मिशिगनने फील्ड गोल, म्हणजे लाथेने तीन पॉइंट, मारला. १३-१०, सलग चौथ्यांदा. त्यांची पोरं आमच्याच मैदानात मधोमध झेंडा रोवायला गेली, हाणामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. इकडे मेव्हण्याने टूथपिकला निळा कागद चिकटवून तो श्रीखंडाच्या वाडग्यात रोवला. वर फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला.

मग डिसेंबर उजाडला. टेनेसीला ४२-१७. ज्या ऑरेगॉनने ऑक्टोबरात एका पॉइंटने हरवलं होतं, त्यांच्यावर रोझ बोलमध्ये हाफटाइमच्या आधीच ३४-०. टेक्सासविरुद्ध आमच्या जॅक सॉयरने त्यांच्या क्वार्टरबॅकच्या (पास टाकणाऱ्याच्या), क्विन युअर्सच्या, म्हणजे आपल्याच जुन्या रूममेटच्या, हातून बॉल उडवला आणि तो उचलून ८३ यार्ड पळाला. फायनलला नोत्र दाम ३१-२३ पर्यंत जवळ आली होती, तेव्हा थर्ड अँड इलेव्हनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात अकरा यार्ड हवे असताना, आमच्या क्वार्टरबॅक विल हॉवर्डने स्मिथकडे ५६ यार्डांचा पास टाकला. ३४-२३. नोव्हेंबरात ‘डेला हाकला’ म्हणून ओरडणारे सगळे रस्त्यावर नाचत होते.

मेव्हण्याचा फोन आला. “दाजी, कप ठेवा तुम्हाला. आम्ही घरात येऊन ठोकलंय, ते आधी बोला.”

अरे, २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये भारत नागपूरला दक्षिण आफ्रिकेकडून हरला होता. वानखेडेवर धोनीने सिक्स मारल्यावर तू ‘पण नागपूर?’ म्हणाला होतास का? बारा संघांचा प्लेऑफ ठेवायचा आणि नोव्हेंबरची एक मॅच सगळ्यात मोठी मानायची, हे दोन्ही एकदम जमत नाही. २०२५ ला आम्ही मिशिगनला त्यांच्या मैदानात २७-९ ने हरवलं आणि प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला मायामीकडून मार खाल्ला. त्याच्या हिशेबाने ते वर्ष चांगलं. कोलंबसमध्ये एक माणूस दाखवा जो २०२४ देऊन २०२५ घेईल.

हां, पैशाचा मुद्दा राहिला. २०२४ च्या त्या टीमच्या खेळाडूंवर साधारण दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचं खुद्द ओहायो स्टेटच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरनेच सांगितलं होतं. अन्याय शोधायचाच असेल तर तिथं शोधा, लहान कॉलेजांनी काय करायचं? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मिशिगनवाल्यांनी तरी तो मुद्दा काढू नये, त्यांचीही काही धर्मशाळा नाही.

तुम्ही नवीन असाल तर त्या चार मॅच सापडतील तिथं बघा. १३-१० वाली नाही बघितली तरी चालेल.