वाचकांचे प्रश्न : ठिबकचा व्हॉल्व्ह, पासपोर्टची चिप आणि यूपीआय

प्रश्न : मी नाशिकच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिंडोरी तालुक्यात मामांची द्राक्षबाग आहे, तिच्यासाठी आमच्या गटाने प्रोजेक्ट केला. जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर मोबाइलला आकडे पाठवतात आणि मोबाइलवरून ठिबकचा व्हॉल्व्ह उघड-बंद होतो. सगळे संदेश एईएस या प्रमाणित पद्धतीने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केले आहेत, सेन्सर आणि व्हॉल्व्हच्या सगळ्या पेट्यांत एकच की (गुप्त किल्ली) आहे. गाइड म्हणतात, सिक्युरिटीचा भाग पूर्ण झाला. झाला का? यात पुढे संशोधनाला वाव आहे का?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : नाही झाला. आणि तू शंका घेतलीस याचा मला मनापासून आनंद आहे. नेटवर्क सिक्युरिटी शिकवायचो तेव्हा तोंडी परीक्षेत मी 'तुमचा प्रोटोकॉल सुरक्षित कशावरून?' असं विचारायचो. प्रोटोकॉल म्हणजे यंत्रांनी एकमेकांना कोणते संदेश कोणत्या क्रमाने पाठवायचे याचे नियम. उत्तरात बहुतेक वेळा अल्गोरिदमचं नाव यायचं. अल्गोरिदमबद्दल मी विचारलेलंच नसायचं.

एईएस फोडायच्या फंदात कोणी पडणार नाही, कारण त्याची गरजच नाही. एखादा माणूस बांधावर स्वस्तातला रेडिओ घेऊन बसला, मामांनी संध्याकाळी पाठवलेला 'व्हॉल्व्ह उघड' हा संदेश त्याने जसाच्या तसा टिपला आणि मध्यरात्री पुन्हा सोडला, की व्हॉल्व्ह उघडणार. संदेशात काय लिहिलंय हे त्याला कळायचंही कारण नाही. माल उतरायला आलेला असताना असं पाणी सुटलं तर मणी क्रॅक होतात, हे मामा तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. म्हणजे पेटीला संदेश खरा आहे एवढं कळून भागत नाही, तो ताजा आहे हेही कळावं लागतं. त्यासाठी प्रत्येक वेळी नवा रँडम आकडा किंवा वाढत जाणारा क्रमांक संदेशात गुंफतात.

एवढं केलं तरी 'कोण कोणाशी बोलतंय' हा प्रश्न उरतो, आणि या विषयातली खरी मौज तिथे आहे. १९७८ साली रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी एकमेकांची ओळख पटवण्याचा एक प्रोटोकॉल मांडला. ओळख पटवण्याचे संदेश तीनच. ते तुझ्या बागेत बसवून सांगतो. मोबाइल स्वतःचं नाव आणि एक ताजा आकडा पेटीच्या पब्लिक कीने (ही सगळ्यांना खुली असते, पण तिने बंद केलेलं फक्त पेटीलाच उघडतं) बंद करून पाठवतो. पेटी तो आकडा आणि सोबत स्वतःचा एक आकडा मोबाइलच्या पब्लिक कीने बंद करून परत पाठवते. मोबाइल पेटीचा आकडा काढून घेतो आणि पेटीच्या कीने बंद करून परत करतो. ज्याची की त्यालाच उघडता येणार, तेव्हा दोघांचीही खात्री पटते.

आता समजा, मामांनी फवारणीचा सल्ला देणारी एक सेवा घेतली आहे, आणि त्यांचा मोबाइल तिच्या सर्व्हरशीही हाच प्रोटोकॉल वापरतो. सर्व्हर चालवणारा बेइमान निघाला. मोबाइलने त्याला पहिला संदेश पाठवला, तो त्याच्याच कीने बंद होता म्हणून त्याने उघडला. आतलं नाव आणि आकडा तसाच ठेवून त्याने तो पेटीच्या कीने पुन्हा बंद केला आणि पेटीकडे पाठवला. पेटीचं उत्तर त्याला उघडत नाही, म्हणून ते त्याने न उघडताच मामांच्या मोबाइलकडे ढकललं. मोबाइलला वाटलं, सर्व्हरचंच उत्तर आलं. त्याने पेटीचा आकडा बाहेर काढला आणि सर्व्हरच्या कीने बंद करून सर्व्हरच्या हवाली केला. तो आकडा पेटीला मिळाल्यावर पेटीच्या लेखी सर्व्हर म्हणजेच मामांचा मोबाइल! एन्क्रिप्शन कुठेही फुटलेलं नाही.

ही खोट १७ वर्षं कोणाला दिसली नाही. १९९५ मध्ये गॅविन लो यांनी ती दाखवली आणि पुढच्याच वर्षी एफडीआर नावाच्या सॉफ्टवेअरकडून तोच हल्ला यंत्राने शोधून घेतला. दुरुस्ती एका नावाची होती : दुसऱ्या संदेशात पेटीने स्वतःचं नावही घालायचं. मग मोबाइलला सर्व्हरऐवजी पेटीचं नाव दिसतं आणि तो तिथेच थांबतो. तीन संदेशांत असं होतं, तर तीस संदेशांच्या प्रोटोकॉलवर नुसत्या नजरेने भरवसा कसा ठेवायचा? म्हणूनच हे काम तर्कशास्त्र आणि सॉफ्टवेअरच्या साहाय्याने करण्याचं एक मोठं क्षेत्र उभं राहिलं.

त्याचा पाया डॅनी डोलेव आणि अँड्र्यू याओ यांच्या १९८३ च्या निबंधात आहे. तिथे शत्रू कोणताही संदेश ऐकू, अडवू, बदलू, पुन्हा पाठवू शकतो. फक्त की नसताना एन्क्रिप्शन उघडू शकत नाही. असा शत्रू गृहीत धरून प्रोव्हेरिफ किंवा टॅमरिन ही मोफत मिळणारी साधनं तुझा प्रोटोकॉल तपासतात. एकाच वेळी कितीही संवाद चालू शकतात असं धरलं, तर प्रत्येक प्रोटोकॉलचा हमखास निकाल देईल अशी पद्धत असूच शकत नाही. मग कोणत्या प्रकारच्या प्रोटोकॉलसाठी ती शक्य आहे? यावर चेन्नईत आर. रामानुजम आणि एस. पी. सुरेश यांनी पायाभूत काम केलंय, तेही वाच.

इंटरनेटवर याचा सर्वांत मोठा प्रयोग टीएलएस १.३ वर झाला. ब्राउझरमधल्या एचटीटीपीएसमागे हाच प्रोटोकॉल असतो. जुन्या आवृत्त्यांची रीत अशी, की आधी प्रसिद्ध करायचं, मग कोणी हल्ला दाखवला की ठिगळ लावायचं. २०११ पासून बीस्ट, पूडल, फ्रीक, लॉगजॅम अशा हल्ल्यांची रांगच लागली होती. १.३ च्या वेळी मात्र मसुदा लिहिणारे आणि तो तपासणारे एकाच वेळी कामाला बसले. दहाव्या मसुद्यात क्लायंटची (म्हणजे ब्राउझरसारख्या, संपर्क सुरू करणाऱ्या बाजूची) ओळख नंतर पटवण्याची जोड सुचवली गेली होती. त्यातला हल्ला टॅमरिन वापरणाऱ्या गटाला सापडला आणि तो मानक ठरण्याआधीच निस्तरला गेला. २८ मसुदे झाल्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये अंतिम आवृत्ती आली. मला विचारशील तर या विषयातली ही सर्वांत उमेद देणारी गोष्ट आहे.

तरीही २०१९ मध्ये नीर ड्रकर आणि शे गेरॉन यांनी त्यात 'सेल्फी' हल्ला दाखवला. दोन्ही टोकांना आधीच एक सामायिक की दिलेली असेल आणि प्रत्येक यंत्र संवाद सुरू करणारा आणि उत्तर देणारा अशा दोन्ही भूमिका करत असेल, तर शत्रू यंत्राचे संदेश त्यालाच परत पाठवून त्याला स्वतःशीच बोलायला लावू शकतो. यंत्राला वाटतं, आपण समोरच्याशी बोलतोय. टीएलएस १.३ सुरक्षित असल्याच्या सिद्धतांमधलं गणित बरोबर होतं. यंत्र स्वतःशी बोलेल ही शक्यता त्यांनी विचारात घेतली नव्हती. आता तुमचं वाक्य पुन्हा वाच : 'सगळ्या पेट्यांत एकच की'. तुमच्या तर एका पेटीचा संदेश दुसरीच्या नावावरही खपेल.

माझा सल्ला असा : नवा प्रोटोकॉल बनवू नकोस. टीएलएस १.३ किंवा लहान यंत्रांसाठीचा त्याचा भाऊ डीटीएलएस घे, प्रत्येक पेटीला वेगळी की दे, आणि तुमच्या बागेत तो ज्या पद्धतीने वापरला जाणार आहे ती पद्धत प्रोव्हेरिफमध्ये लिहून तपास. पेटी चोरीला गेली तर काय, नवा मोबाइल जोडताना काय, हे प्रश्न त्यात घाल. एम.टेक.चा प्रबंध सहज होईल एवढा ऐवज त्यात आहे. गाइडसरांनाही सोबत घे.

प्रश्न : ई-पासपोर्ट आमच्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होतात याचा अभिमान वाटतो. पण त्यातली चिप खिशातल्या खिशात कोणी वाचली तर?
— एक ज्येष्ठ वाचक, जेलरोड

उत्तर : काका, चिप थेट माहिती देत नाही. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकाप्रमाणे वाचणाऱ्या यंत्राला आधी पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांवरून की तयार करावी लागते. हे तिन्ही आतल्या पानावर खाली छापलेल्या दोन ओळींत असतं, म्हणजे पुस्तिका उघडावी लागते.

पण माहिती न वाचताही माग काढता येतो, हे २०१० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या टॉम चोथिया आणि विटाली स्मिर्नोव्ह यांनी दाखवलं. एखादा पासपोर्ट रीतसर वाचला जाताना हवेतला एक संदेश टिपायचा आणि नंतर गर्दीत तोच पुन्हा सोडायचा. पासपोर्ट तोच असेल तर संदेशावरची मोहोर (त्याच पासपोर्टच्या कीने बनलेली, संदेश खरा असल्याची खूण) जुळते, मग त्यातला ताजेपणाचा आकडा शिळा म्हणून चिप नकार देते. पासपोर्ट दुसरा असेल तर मोहोरेपाशीच नकार. फ्रान्सच्या पासपोर्टात या दोन नकारांचे एरर कोड वेगळे होते, त्यावरून माणूस ओळखू येई. त्यांनी तपासलेल्या इतर देशांच्या चिपांत कोड एकच होता, पण उत्तराला लागणारा वेळ वेगळा. पुढे पेस नावाचा जास्त भक्कम प्रोटोकॉल मानकात आला. त्याची गणिती सिद्धता २००९ मध्येच प्रसिद्ध झाली होती.

प्रश्न : माझं भद्रकालीत किराणा दुकान आहे, सगळा गल्ला यूपीआयवर. असले प्रोटोकॉल उघड करून सांगितले तर चोरांचंच फावेल ना?
— एक दुकानदार

उत्तर : चोराला वेळ काढून नियम शोधता येतातच. गुपित ठेवल्याने अडतात ते तपासणारे अभ्यासक. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये यूपीआयचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना सात लोकप्रिय ॲप आतून उलगडून प्रोटोकॉलची रचना जुळवावी लागली. पहिल्या आवृत्तीच्या रचनेतच त्यांना ओळख पटवण्यातल्या त्रुटी सापडल्या. ज्याने यूपीआय कधी वापरलंच नाही, त्याचंही खातं जोडून रिकामं करता येईल, इथपर्यंत त्या त्रुटींची मजल जात होती. कोट्यवधी लोकांचा पैसा ज्या नियमांवर फिरतो, ते आपल्या विद्यापीठांतल्या मुलांना वाचायला आणि तपासायला मिळाले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही क्यूआर कोड काढून ठेवू नका. त्या हल्ल्यांसाठी फोनमध्ये चोराचं ॲप असावं लागत होतं. म्हणून दुकानातल्या फोनवर, विशेषतः ज्या नंबरला बँक जोडलेली आहे त्यावर, कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली ॲपची फाइल उघडू नका आणि पोरांनाही उघडू देऊ नका.