वाचकांचे प्रश्न : ग्राउसची शिकार, अकरा वर्षांची मुलगी आणि आजींचा आक्षेप

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर डेन्व्हरजवळ नोकरी करतो. कार्यालयातील एक सहकारी दर सप्टेंबरमध्ये आपले वडील आणि दोन मुले यांच्यासह डोंगरात ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीला जातो. यंदा त्याने मला आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला बोलावले आहे. मुलगी हरखून गेली आहे आणि पत्नीचीही हरकत नाही. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई मात्र, घरात कोंबडी-मटण चालत असूनही, “पोरीला जीव घ्यायला शिकवणार का?” असे विचारतात आणि मला उत्तर सुचत नाही. जावे का? गेल्यास काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, कोलोरॅडो

उत्तर : जावे, असे माझे मत आहे, मात्र पहिल्या वर्षी आपण आणि मुलीने बंदुकीला हात लावू नये. याचे पहिले कारण कायद्याचे आहे. आपल्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने मनाई केली असून शिकारीचा वैध परवाना जवळ असणे हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. कुंपण ओलांडताना सहकारी “जरा धर” म्हणून सहज बंदूक पुढे करील, तेव्हा ती न घेणेच शहाणपणाचे ठरेल. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो मुलीबरोबर यंदाच करावा. परवान्याचा विचार मात्र पुढच्या वर्षी, वकिलाचा सल्ला घेऊनच करावा.

तेथील डोंगरात आपल्याला बहुधा डस्की ग्राउस भेटेल. हा गावठी कोंबडीएवढा, राखी-करड्या रंगाचा पक्षी असून त्याचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो आणि एका शिकाऱ्याला दिवसाला तीनच पक्षी मारता येतात. (नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने निघते, ती एकदा डोळ्यांखालून घालावी.) इतर प्राणी-पक्षी हिवाळ्यात खाली उतरतात, तर हा गडी उलट वर चढतो आणि सूचिपर्णी झाडांच्या सुया खाऊन बर्फाचे महिने काढतो. सप्टेंबरमध्ये मात्र तो अ‍ॅस्पेन या झाडांच्या राईच्या कडेला बोरवर्गीय फळे आणि नाकतोडे टिपत असतो. कधी तो माणसाकडे टक लावून फांदीवर इतका स्वस्थ बसतो की तिथल्या लोकांनी त्याला ‘खुळी कोंबडी’ म्हणावे, आणि कधी पायाशीच असा फडफडाट करून उठतो की काळजाचा ठोका चुकतो. बंदूक न घेता अशा फेऱ्यांत मी तीन हंगाम चाललो आहे. त्यांतील दोन दिवस तर एकही पक्षी न दिसता गेले, आणि बरोबरच्या मुलांना त्याचे काही वाटले नाही.

मुलीने नेहमी बंदूकधाऱ्यांच्या मागे चालावे आणि पक्षी उठताच आहे तिथे थांबावे, हे निघण्यापूर्वी तिच्याकडून वदवून घ्यावे. याच महिन्यात हरणांचे आणि एल्क या मोठ्या जातीच्या हरणाचे शिकारीही त्या रानात असतात. म्हणून कायद्याची सक्ती असो वा नसो, दोघांनी भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घालावी. नऊ-दहा हजार फुटांवर धाप लागते, तेव्हा पाणी भरपूर न्यावे. दुपारी विजांचा धोका असल्याने जेवणाच्या वेळेपर्यंत खाली परतावे.

आता सासूबाईंचा प्रश्न. “तुम्ही कोंबडी खाताच ना?” असे उत्तर देण्याचा मोह होईल, पण ते देऊ नये, त्याने तोंड बंद होते, शंका फिटत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारी म्हणजे चोरटा, हेच समीकरण रूढ झाले आहे आणि ते योग्यही आहे. अमेरिकेत मात्र परवान्यांचे शुल्क, तसेच १९३७ च्या एका कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरील करातून मिळणारा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळवला जातो. हा फरक त्यांना जरूर सांगावा, परंतु त्याने त्यांचे समाधान होईल असे मानू नये, कारण त्या निधीविषयी विचारत नाहीत, जिवाविषयी विचारत आहेत.

म्हणून मारणे मुलीपासून लपवू नये. माझ्यासमोर एकदा एका आजोबांनी पडलेला, अजून ऊब असलेला पक्षी नातीच्या दोन्ही हातांत ठेवला होता. मग त्यांनी त्याच्या गळ्याखालची पिशवी चाकूने उघडली, तेव्हा आतून लाल फळे, हिरवी पाने आणि दोन अख्खे नाकतोडे निघाले. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर वन्यजीव खात्याने ठेवलेल्या पिंपात तिने त्या पक्ष्याचा एक पंख टाकला. अशा पंखांवरून पक्षी यंदाचा की जुना, नर की मादी हे अभ्यासकांना कळते. एवढे पाहून आपल्या मुलीने “मला पुन्हा यायचे नाही” म्हटले, तर ते मुकाट्याने मान्य करावे, आणि हे तिला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. सासूबाईंनाही हेच सांगावे की पोर जीव घ्यायला जात नाही. ताटातले मांस कुठून येते ते पाहायला जाते आणि नको वाटले तर नाही म्हणायला मोकळी आहे.

वाट्याचा पक्षी घरी आलाच, तर त्याला गरम मसाल्यात बुडवू नये. मांस पांढरे आणि सौम्य चवीचे असते. लोणी, मीठ आणि मिरपूड पुरे. आमच्या घरी एकदा त्याचा झणझणीत रस्सा झाला आणि पाहुण्यांना ती ब्रॉयलर वाटली.

प्रश्न : ग्राउस म्हणजे आपली पखुर्डीच का? तिच्या ‘सँडग्राउस’ या इंग्रजी नावातही ग्राउस आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. खरा ग्राउस कोंबडी-तित्तरांच्या कुळातला असून तो भारतात आढळत नाही. पखुर्डीचे कूळ वेगळे. पायांवरची पिसे पाहून जुन्या निरीक्षकांनी तिला ते नाव चिकटवले. ग्राउसच्या पायांवरची पिसे थंडीपासून बचाव करतात. आपल्या माळावरचा पखुर्डीचा नर मात्र पोटाची पिसे पाणवठ्यावर भिजवून पिलांसाठी पाणी घेऊन जातो, आणि हे ग्राउसला जमत नाही.