ईसीएनएल रीजनल लीग की गर्ल्स अकॅडमी: मुलीसाठी कोणता संघ निवडावा?

आपली मुलगी नोव्हेंबर २०१३ची आहे, आपण न्यू जर्सीत राहता, आणि ट्रायआउटनंतर, म्हणजे निवड चाचणीनंतर, तिला दोन सॉकर क्लबांनी बोलावले आहे: एकाने ईसीएनएलच्या रीजनल लीगमध्ये खेळणाऱ्या आपल्या दुसऱ्या संघात, तर दुसऱ्याने गर्ल्स अकॅडमीत खेळणाऱ्या पहिल्या संघात. यांपैकी कोणत्या लीगचे वजन अधिक आणि या लीगांमध्ये एवढी चढाओढ कशासाठी, असे आपण विचारले आहे. माझी मुलगी २००५ची असून ती याच राज्यात नऊ वर्षे क्लब सॉकर खेळली आणि सध्या एका डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतील, कॉलेजच्या संघात आहे. आपल्या जागी मी असते, तर गर्ल्स अकॅडमीचा पहिला संघ निवडला असता; मात्र त्यामागे लीगचे नाव हे कारण नसते.

आधी चढाओढीविषयी सांगते, कारण ती समजली की मैदानाकडेला पालकांमध्ये चालणाऱ्या वादांतला निम्मा जोर ओसरतो. एलिट क्लब्ज नॅशनल लीग म्हणजेच ईसीएनएल ही २००९ साली ४० क्लबांनी मुलींसाठी सुरू केली, आणि पुढील काही वर्षे मुलींच्या सर्वोच्च पातळीवर तिला जवळजवळ स्पर्धकच नव्हता. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर महासंघाने मुलांसाठी आधीपासून चालवलेली डेव्हलपमेंट अकॅडमी ही लीग मुलींसाठीही सुरू केली, तेव्हा अनेक नामवंत क्लब ईसीएनएल सोडून तिकडे गेले. मात्र अकॅडमीतील मुलीला शाळेच्या संघातून खेळता येत नसे. येथे शाळेच्या संघाला गावात केवढा मान असतो हे आपण पाहतच असाल. शुक्रवारी संध्याकाळी मैत्रिणी खेळताना पाहायच्या आणि आपण कठड्याबाहेर उभे राहायचे, हे चौदा वर्षांच्या मुलीला सोपे नसते. ईसीएनएलने शाळेचा खेळ चालू दिला, आणि हीच तिची मोठी जमेची बाजू ठरली. पुढे १५ एप्रिल २०२० रोजी, कोविडच्या टाळेबंदीत, महासंघाने आर्थिक परिस्थितीचे कारण देऊन अकॅडमी बंद केली. बरेच क्लब ईसीएनएलमध्ये परतले किंवा नव्याने शिरले, आणि ज्यांना तेथे जागा मिळाली नाही किंवा जायचे नव्हते अशा क्लबांनी थोड्याच दिवसांत गर्ल्स अकॅडमी उभी केली.

आमच्या क्लबमध्ये या साऱ्या उलथापालथीचा परिणाम काय झाला, तर बाहीवरचा बिल्ला बदलला. जुनी जर्सी सरावाला वापरता यावी म्हणून मी शिवणाच्या कात्रीने डेव्हलपमेंट अकॅडमीचा बिल्ला उसवला, तेव्हा त्याखालचे कापड न विटता गडद निळेच राहिलेले दिसले. तो चौकोन ती जर्सी फाटेपर्यंत तसाच राहिला. कोच तेच, मैदान तेच, आणि दोन-तीन अपवाद सोडता मुलीही त्याच होत्या. लीग मात्र पूर्वीपेक्षा खालची की वरची, यावर आम्ही पालक वर्षभर वाद घालत बसलो होतो, हे आता आठवले की हसू येते.

ही चढाओढ मुलींसाठी नसून क्लबांसाठी आहे. या लीगांमध्ये सामने जिंकून वर चढण्याची किंवा हरून खाली उतरण्याची पद्धत नाही. क्लबाला लीग प्रवेश देते, आणि तो मिळाला की ट्रायआउटला गर्दी होते, गर्दी झाली की दुसरा आणि तिसरा संघही भरतो, आणि या संघांच्या शुल्कावर क्लबाचा बराचसा गाडा चालतो. म्हणून लीगांना चांगले क्लब हवे असतात आणि क्लबांना बिल्ला हवा असतो. दोन्ही लीगांचे मिळून आज दोनशेहून अधिक क्लब आहेत, तेव्हा ‘एलिट’ हा शब्द किती ताणला गेला आहे याचा अंदाज आपणच करावा. सरासरी पाहिली तर ईसीएनएलचे पहिले संघ अधिक बलवान आहेत आणि त्यांच्या शोकेसला, म्हणजे कॉलेजच्या कोचना खेळाडू पाहता यावेत म्हणून भरणाऱ्या स्पर्धांना, कोचही अधिक येतात, असे माझे मत आहे. पण आपल्या मुलीला ईसीएनएलचा पहिला संघ मिळालेला नाही, आणि जाहिरातीत नेमका हाच फरक पुसट केला जातो. रीजनल लीग ही बहुतेक ठिकाणी त्याच क्लबाच्या दुसऱ्या संघाची लीग असते.

दुसरा संघ म्हणजे काय, ते सरावाच्या वेळी जाऊन पाहावे. आम्ही एक वर्ष तेही अनुभवले. पहिल्या संघाला अर्धे मैदान असे, आमच्या अठरा मुलींना कोपऱ्यातील चतकोर मिळे. कोच एकाच संध्याकाळी दोन वयोगट सांभाळत, आणि शनिवारी पहिल्या संघाचा सामना दूर असला की आमच्या सामन्याला भलताच कोच हजर होई. दुसऱ्या संघातून वर घेतले जाईल असे दरवर्षी सांगितले जाते. तसे घडतेही, पण त्या वर्षी आमच्यातील किती जणी वर गेल्या, तर एक.

कॉलेजची चिंता आत्ताच करू नये. डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या श्रेणीतील कॉलेजांच्या कोचना दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी मुलीशी भरतीसंबंधी बोलता येत नाही. आपली मुलगी सध्या सहावीत असेल तर तो दिवस २०३० साली येईल. डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते, हे मला फार उशिरा कळले, आणि तोवर आम्ही काही हजार डॉलर वार्षिक शुल्क, शिवाय स्पर्धेच्या आयोजकांनी ठरवून दिलेल्याच हॉटेलात राहण्याची सक्ती, हे सारे शिष्यवृत्तीच्या आशेने सोसले होते. फ्लोरिडातील एका शोकेसमध्ये मुलीने ज्यांना ईमेल पाठवली होती ते कोच खरोखरच आले, घडीची खुर्ची मांडून बसले, यादीत तिचा क्रमांक शोधला. ती तेव्हा बाकावर होती. वीसेक मिनिटांनी त्यांनी खुर्ची मिटली आणि ते पलीकडच्या मैदानाकडे निघाले. त्यानंतर चार मिनिटांनी तिला आत पाठवले गेले. तिच्या बाहीवर बिल्ला होताच. म्हणूनच मी म्हणते, की मैदानावर मिळणारी मिनिटे आधी मोजावीत.

आपल्या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी कोणी आपणहून सांगणार नाही. २०२६-२७च्या हंगामापासून येथील वयोगट जन्मवर्षाऐवजी १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे धरले जाणार आहेत. नोव्हेंबरचा जन्म असल्यामुळे आजवर ती गटातील सर्वांत लहान मुलींपैकी होती. आता ती पुन्हा तेरा वर्षांखालील गटातच खेळेल आणि तेथे मोठ्या मुलींमध्ये मोडेल. या वयात आठ-दहा महिन्यांचा फरक धावण्यात आणि धक्का सोसण्यात लगेच दिसतो. त्यामुळे तिची जोखणी कोणत्या मुलींच्या बरोबरीने झाली, जुन्या गटाच्या की नव्या, हे दोन्ही क्लबांना स्पष्ट विचारावे. जुन्या गटाच्या असेल, तर ईसीएनएलवाल्या क्लबाने तिला पहिल्या संघासाठी पुन्हा पाहावे अशी मागणी करण्यात काहीच गैर नाही.

होकार देण्यासाठी क्लब बहुधा दोन-तीन दिवसांचीच मुदत देतात आणि अनामत भरली की ती सहसा परत मिळत नाही. तेवढ्या वेळात एका सरावाला मुलीला पाठवण्याची परवानगी मागावी, पुढील वर्षी कोच नेमके कोण असतील आणि संघात एकूण किती मुली घेतल्या जाणार आहेत हे लेखी विचारावे. बावीस मुली घेणार असतील, तर मी गर्ल्स अकॅडमीविषयीचे माझे मतही मागे घेईन. आणि येताना गाडीत तिलाच विचारावे, की तिला चेंडू कोणी दिला. लाँग आयलंडच्या सामन्यांसाठी व्हेराझॅनो पूल ओलांडून दशम्यांचा डबा घेऊन पुढील काही वर्षे तिच्यासोबत आपल्यालाच जायचे आहे.