पगारपत्रक कोणीही करो, चलनाचे पैसे स्वतः भरावेत

पाचोऱ्याच्या आपल्या डाळमिलमधील चौदा कामगारांचा पगार एक्सेलवर करावा, सॉफ्टवेअर घ्यावे की सल्लागाराकडे सोपवावा, असे आपण विचारले आहे. ‘पैसे आमच्या खात्यावर टाका, बाकीचे आम्ही पाहतो’ असे सल्लागार म्हणतात, हे वाचून मला राहवले नाही. जळगावच्या एमआयडीसीत माझा चटईचा कारखाना आहे आणि हेच आश्वासन मीही ऐकले होते.

ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) दहा किंवा अधिक कामगार असल्यास आणि पीएफ (भविष्य निर्वाह निधी) वीस किंवा अधिक असल्यास लागू होतो, हे आपणांस ठाऊक असेलच. मी दरमहा दोन्हींची रक्कम माझ्या सल्लागाराच्या कार्यालयाच्या खात्यावर पाठवत गेलो आणि ती सरकारकडे भरल्याचे चलन कधीच मागितले नाही. एके दुपारी आमचा जुना मशीनमन मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून पैसे काढायचे म्हणून मोबाइल घेऊन केबिनमध्ये आला. त्याच्या पासबुकात चार महिने एकही नोंद नव्हती, आणि माझ्या टेबलावरील पगारपत्रकात त्याच चार महिन्यांची दरमहा १,८०० रुपयांची कपात व शेजारी त्याची सही होती. ‘शेठ, मी नंतर येतो,’ एवढेच बोलून तो गेला. ती मान खाली घालण्याची वेळ मी विसरू शकत नाही.

सल्लागाराच्या कार्यालयात ‘पोर्टल बंद होते’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. वार्षिक १२ टक्के व्याज आणि वर दंड मीच भरला. शिवाय कामगारांकडून कापलेली ती रक्कम मुदतीनंतर भरल्यामुळे आयकरात खर्च म्हणून धरली गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ मधील निकालही तसाच होता.

मी सनदी लेखापाल नाही, त्यामुळे कायद्याची खात्री आपण जाणकाराकडून करून घ्यावी. परंतु माझे मत ठाम आहे. चौदा माणसांना एक्सेल पुरते, महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. विवरणपत्र सल्लागाराने भरावे, पैसे मात्र आपण १५ तारखेच्या आत स्वतःच्या नेटबँकिंगने भरावेत आणि पावती फाइलला लावावी. व्यवसाय कर फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० रुपये कापावा लागतो, तेवढे एक्सेलच्या सूत्रात आधीच घालून ठेवावे.

पीएफ व ईएसआयच्या पोर्टलवर मोबाइल क्रमांक आपलाच नोंदवावा. आमच्या नोंदणीत सल्लागाराच्या कार्यालयाचा क्रमांक होता, आणि तो बदलून घेण्यासाठी मला दोन महिने हेलपाटे घालावे लागले.