प्रजाती वाचवण्याचे काम करायचे आहे. पदवी कोणती घ्यावी?

प्रिय विद्यार्थिनी,

तू बारावी विज्ञान शाखेत आहेस, जीवशास्त्र तुला मनापासून आवडते, गणिताचा कंटाळा आहे आणि नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांसाठी काम करायचे आहे, असे तू लिहिले आहेस. अभयारण्य, बंदिवासातील प्रजनन आणि जनुकपेढी (बिया, पेशी यांसारखे आनुवंशिक साहित्य साठवून ठेवणारी सोय) यांपैकी सर्वांत परिणामकारक पद्धत कोणती ते सांगावे, म्हणजे त्यानुसार पदवी निवडीन, अशी तुझी विचारणा आहे. पद्धत आधी ठरवून या क्षेत्रात उतरू नकोस, असे मला सुरुवातीलाच सांगावेसे वाटते. प्रजाती कशामुळे घटते आहे हे कळल्याशिवाय ती कोणत्या मार्गाने वाचेल हे ठरत नाही, आणि त्या शोधातला कोणता भाग तुला पेलेल यावर तुझी पदवी ठरायला हवी.

भारतीय उपखंडातल्या गिधाडांचेच पाहा. १९९० च्या दशकात ती झपाट्याने मरू लागली. खायला मेलेली गुरे होती, तरी पक्षी माना टाकून बसत आणि काही दिवसांत संपत. शवविच्छेदनात त्यांच्या आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा युरिक आम्लाचा पांढरा थर आढळला, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक याला कारणीभूत असल्याचे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारत, पाकिस्तान व नेपाळ यांनी त्याच्या पशुवैद्यकीय वापराविरुद्ध पावले उचलली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्यायही चाचण्यांतून मिळाला. नुसते अभयारण्य जाहीर करून ही गिधाडे वाचली नसती. इथे उपयोगी पडले ते पशुवैद्यक, रोगनिदानतज्ज्ञ आणि वर्षानुवर्षे पक्ष्यांची नेटाने मोजणी करणारे लोक.

पाठ्यपुस्तकात ज्यांना स्वस्थानी (मूळ अधिवासातच) आणि परस्थानी (अधिवासाबाहेर, उदा. बंदिवासात) संवर्धन म्हणतात, ते दोन्ही मार्ग एकमेकांना धरूनच चालतात. अरबी ओरिक्स हे हरणासारखे जनावर १९७२ मध्ये जंगली अवस्थेतून नाहीसे झाले. बंदिवासात वाढवलेला कळप १९८२ मध्ये ओमानमध्ये सोडण्यात आला आणि तो चांगला वाढलाही. परंतु १९९६ नंतर चोरट्या शिकारीने तो पुन्हा रोडावला. म्हणजे प्रजनन साधले, पण ऱ्हासाचे मूळ कारण जागेवरच होते. म्हणूनच कायदा, वन्यजीव व्यापाराची तपासणी आणि स्थानिक समाजाबरोबरचे काम यांनाही मी संवर्धनाचीच कामे मानते, आणि समाजशास्त्र किंवा कायदा शिकलेल्यांना इथे जागा आहे.

गणिताच्या कंटाळ्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिते. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरील ब्लॅक रॉबिन या पक्ष्याची संख्या १९८० मध्ये अवघ्या पाचावर आली होती आणि यशस्वीपणे वीण करणारी मादी एकच होती. कार्यकर्त्यांनी तिची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्याच्या घरट्यात उबवायला ठेवली, म्हणजे ती पुन्हा अंडी घालील. ही युक्ती फळाला आली. पुढे काही माद्या घरट्याच्या अगदी कडेवर अंडे घालू लागल्या. तिथे ते उबत नाही, म्हणून माणसे हलक्या हाताने ते आत सरकवत असत. ही खोड आनुवंशिक होती. एरवी तिथेच थांबली असती, ती या मदतीमुळे पुढच्या पिढ्यांत उतरत गेली आणि १९८९ पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या तसे करू लागल्या. अंडी सरकवणे थांबवल्यावर या खोडीचे प्रमाण घटले. हे सारे कळले ते घरटी, अंडी आणि वंशावळी यांच्या नोंदींचा हिशेब मांडल्यामुळे. बंदिवासातील जोड्या जुळवतानाही नात्याचे प्रमाण आकड्यांतच काढतात. तेव्हा संख्याशास्त्र सोडू नकोस. ही माझी आग्रहाची सूचना आहे.

वनस्पतींकडे विद्यार्थ्यांचे फार लक्ष जात नाही, आणि मला याची खंत वाटते. बहुतेक बिया वाळवून उणे १८ अंशांच्या आसपास साठवता येतात, परंतु आंबा, कोको किंवा रबर यांचे बी वाळवले की मरते. अशा जातींसाठी जिवंत झाडांचे संग्रह राखावे लागतात किंवा बियांतला गर्भ द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवण्याचे तंत्र वापरावे लागते. प्रयोगशाळेत रमणारी असशील, तर वनस्पतिशास्त्राचा विचार अवश्य कर.

तुझ्या आईवडिलांना नोकरीची काळजी वाटत असेल, तर ती रास्त आहे. या क्षेत्रातली बरीच कामे ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांवर असतात आणि स्थिर जागा बहुधा पदव्युत्तर शिक्षणानंतरच मिळतात. पशुवैद्यकाची पदवी घेतल्यास हाताशी स्वतंत्र व्यवसाय राहतो. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेतल्यास त्याच्या जोडीला संख्याशास्त्र आणि नकाशांवर आधारित संगणकीय विश्लेषण शीक. प्रवेशाआधीच्या सुट्टीत एखादा साधा पक्षी किंवा एखादे झाड निवड, दर आठवड्याला ठरल्या वेळी ठरल्या जागी त्याची नोंद कर आणि दोन महिन्यांनी ती वही वाचून मला पुन्हा लिही. नोंदी करताना तुझे मन कुठे रमले आणि कुठे कंटाळले, हे त्यात दिसेल आणि त्यावरून आपल्याला विषय ठरवता येईल.

तुझी,
करिअर मार्गदर्शक