व्हायोलिनच्या बोचे (गजाचे) केस नेमके किती ताणावेत? सर म्हणतात काडी सरळ होईपर्यंत

सरळ होईपर्यंत कधीच नाही. मधोमध काडी आणि केसांमध्ये साधी पेन्सिल जेमतेम जाईल इतकंच अंतर ठेवा, साताठ मिलिमीटर. पण तुमच्या सरांचं वाक्य वाचून राहवलं नाही. याच वाक्यापायी माझा पहिला बो गेला, आणि वर खापर माझ्यावरच फुटलं.

मी आठवीत होतो, राहायला पंचवटीत. क्लासचे सर म्हणायचे, "केस सैल तर सूर सैल." त्या श्रावणात पाऊस हटतच नव्हता. दमट हवेत घोड्याचे केस लांबतात, त्यामुळे बोच्या मुठीकडचा केस ताणायचा स्क्रू कितीही फिरवला तरी ते ढिलेच वाटत. सर स्वतः माझ्या हातातून बो घेऊन आणखी दोन-तीन फेरे द्यायचे. काडीचा बाक पार निघून जायचा. वाजवून झाल्यावर स्क्रू सैल करायचा असतो, हे कुणी सांगितलंच नाही.

गणपतीनंतर सहामाही परीक्षा आली आणि पेटी कपाटावर गेली. ऑक्टोबरमध्ये नाशिकची हवा एकदम कोरडी झाली, केस आखडले. दिवाळीत पेटी उघडली तर बोचं टोक तुटून केसांना लोंबत होतं. सरांनी बाबांना सांगितलं, "पोरानं पाडला असणार." बाबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. नवा बो वर्षभर आला नाही.

पुढे कॉलेजात असताना वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांना मी तो तुकडा दाखवला. ते म्हणाले, लाकडाचे तंतू काडीच्या लांबीने जातात, टोक मात्र खाली वळलेलं, म्हणून तिथे ते आखूड पडतात. केसांचा सगळा ओढा तिथेच येतो. पावसात ताणलेला बो कोरड्या हवेत तसाच राहिला की तिथूनच जातो. पाडायची गरज नसते.

काडीचा तो आतला बाक उगाच नसतो. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्तनं आजच्या बोचा साचा पक्का केला. काडी तापवून केसांच्या बाजूला वाकवतात. ती स्प्रिंग आहे. सरळ केलीत की बो तारेवर उड्या मारतो, सूर पातळ निघतो. आपण मांडी घालून विलंबित वाजवतो, एका लांब बोमध्ये मींड ओढतो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकतो. केसांनी तार धरून ठेवायला हवी. माझं स्पष्ट मत आहे, आपल्या संगीताला किंचित सैलच बरा. मात्र जोर दिल्यावर काडी तारेला घासली तर तेवढा ताण कमी पडतोय.

आणि हो, फायबरची काडी असली तरी केस घोड्याचेच असतात, हवेचा परिणाम होतोच. म्हणून पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात फेरे मोजू नका, अंतर बघा. भरपूर फिरवूनही केस ताणत नसतील तर ते बदलायला झालेत. केसांना बोट लावू नका, तेलकट होऊन त्यांना लावायची राळ धरत नाहीत. वाजवून झालं की केस ढिले पडेपर्यंत सोडा. स्क्रू बाहेर येईल इतकं नको.

आता सरांचं. उद्या क्लासला पेन्सिल घेऊन जा. त्यांच्यासमोर बो त्यांच्या पद्धतीने ताणा, डोळ्यापाशी धरून टोकाकडे बघा आणि त्यांनाही बघायला लावा. काडी एका बाजूला कललेली दिसली तर तिथेच स्क्रू सोडा, पेन्सिलीएवढं अंतर ठेवा आणि तोच सूर पुन्हा वाजवून दाखवा. मी तेरा वर्षांचा होतो, मान खाली घालून उभा राहिलो. तुम्ही तसं करू नका.